दोन ग्लास पाणी

“गोडी बरोबर झालीय ना हो?”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, त्याला आता चाळीस वर्षं झाली. आवाज नव्या नवरीचा, म्हणजे आमच्या बाईंचा होता. नवऱ्याने नुसतंच “हं” केलं आणि घटाघट दोन ग्लास पाणी प्यायलं.

मित्रांनो, मी केक भाजायचा एक जुना, चौकोनी, पत्र्याचा डबा आहे. कारागिराने मला लाकडी हातोडीने ठोकून घडवलं. एक कोपरा जरा वाकडाच राहिला. तेव्हापासून मी या शिंप्याच्या घरात आहे. दर रविवारी बाई माझ्या अंगाला सढळ हाताने लोणी फासायच्या. मग शिळ्या पावाचे काप, त्यावर सफरचंद, त्यावर साखर. पुन्हा पाव, पुन्हा सफरचंद, पुन्हा साखर. पाहुणे बोटं चाटायचे. शिंपीदादा मुकाट्याने खायचे आणि दोन ग्लास पाणी प्यायचे.

गेल्या वर्षी दादांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी लोणी-साखर बंद केली. मी सहा महिने माळ्यावर पालथा पडून होतो.

मग एका रविवारी बाईंनी मला खाली काढलं. लोणी बोटाच्या टोकाएवढंच. सफरचंदं सालीसकट चिरली, साखरेऐवजी मूठभर बेदाणे, साय काढलेलं दूध, वर दालचिनी आणि लवंगेची पूड. ओव्हन तापला तसं घर दरवळलं. बाईंचा चेहरा मात्र खुलेना. दादा पूर्वीसारखेच मुकाट्याने खात होते.

तीन रविवार असेच गेले. चौथ्या रविवारी बाई म्हणाल्या, “गिऱ्हाइकांशी तासभर गप्पा, आणि घरात तोंड शिवलेलं! गवत चघळल्यासारखं खाताय, कळतं मला. आजचं शेवटचं. उद्या हा डबा भंगारात.”

माझा पत्रा गार पडला. मित्रांनो, मला बोलता येत नाही. नाहीतर सांगितलं असतं, बाई, त्यांच्या बशीशेजारचा ग्लास बघा. चार रविवार भरलेलाच आहे. पण मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. मनातलं वेळेवर बोलत जा.

दादा चमच्याने माझा वाकडा कोपरा खरवडत होते. ते थांबले.

“डबा राहू दे गं.”

“कशाला? शोभेला?”

“आधीचं फार गोड व्हायचं. घशाखाली उतरायचं नाही.”

“चाळीस वर्षं?”

“तू इतक्या हौसेने विचारलंस तेव्हा... मग राहूनच गेलं.” त्यांनी रिकामी बशी पुढे केली. “आज झालीय बघ गोडी बरोबर.”