माझ्या आलेखातला उंचवटा

मित्रांनो, अंबडचे अवघे उद्योगविश्व ज्याच्या इशाऱ्यावर चालते, तो मी. म्हणजे, मनुकांचे खोके पट्ट्यावर अडकले की पट्टा थांबवायचा, एवढेच माझे काम. मी एक जुना संगणक प्रोग्राम आहे. वय वर्षे एकवीस.

कारखान्यातल्या गोटीरामकाकांनी मला लिहिले तेव्हा मी जेमतेम तीनशे ओळींचा होतो. आज अकरा हजारांचा आहे. कौतुक म्हणाल तर पट्टा चालला की मशीन चांगले आणि थांबला की प्रोग्राम भिकार.

मग रिदा आली. प्रोग्राम वर्षानुवर्षे कसे बदलत जातात, यावर ती पीएचडी करते. तिने माझी एकूण एक जुनी आवृत्ती उघडली. कुठली ओळ कधी जन्मली, कुणाच्या हातून गेली, सारे मांडले आणि माझ्या अख्ख्या आयुष्याचा आलेख भिंतीवर लावला. मी थक्क झालो. पहिल्या तीनशेंपैकी नऊच ओळी उरल्या होत्या, आणि तरीही मी मीच होतो!

पण दरवर्षी पावसाळा सरताना आलेखात एक उंचवटा दिसे. एक ओळ येई, दुसऱ्या दिवशी जाई. शेजारी नोंद : 'किरकोळ दुरुस्ती'. रिदाच्या सरांनी बजावले, "कारण सापडलं नाही, तर प्रबंधातून हे प्रकरण वगळ."

ते प्रकरण म्हणजे मी.

रिदाने काकांनाच गाठले.

"लय सोपं हाय, मॅडम. दसरा!"

"दसरा?"

"पूजेला मशीनला झेंडूचा हार घालतो. तो नेमका सेन्सरच्या डोळ्यावर येतो. याला वाटतं, खोकं अडकलं. पहिल्या वर्षी शेठनी नारळ फोडून बटण दाबलं, तर पट्टा हलंना! तवापासून 'आजच्या दिवस डोळ्यावर इस्वास ठेवू नको' अशी ओळ टाकतो. तारीख दरसाल वेगळी, म्हणून ओळबी नवी."

"काका, हार थोडा बाजूला घातला असता तर?"

"हार गळ्यात घालतात का पाठीवर?"

रिदा हसली नाही. आलेखावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "एकवीस दसरे आहेत हो यात!"

तिने तसेच लिहिले. सरांनी शेरा मारला, "हे प्रकरण सर्वांत आधी घे."

मित्रांनो, जुन्या प्रोग्रामला हसू नका. त्याच्या प्रत्येक वेड्या ओळीमागे अडचणीत सापडलेला एखादा शहाणा माणूस असतो. ती ओळ जपा, तिचे कारण लिहून ठेवा. आणि काका माझे ऐकत नाहीत, तेव्हा तुम्हीच सांगून बघा : यंदा हार तेवढा दोन बोटे खाली.