उलटी बाजू नसलेला पदर

पैठणहून परतल्यापासून सावनीच्या कानात माग चालू होता. औरंगपुऱ्यातल्या ऑफिसखाली रिक्षावाले हॉर्नवर हात ठेवूनच जन्मले होते, तरी तिला ऐकू येई ते फक्त धोट्याचं खटक-खटक. स्क्रीनवर पैठणच्या विणकर द्वारकाबाईंचे हात विणत होते, पिवळ्या रेशमातून मोर हळूहळू वर येत होता आणि सावनी त्या मोरामागं कुठंतरी तरंगत गेली होती. रील जोडायचं असतं, त्यात राहायला जायचं नसतं, हे तिला कोण सांगणार?

जाहिरातींचं ऑफिस तिघांचंच. मंदार गिऱ्हाईक आणायचा, मोनिका मजकूर लिहायची, सावनी व्हिडिओ करायची. नियम एकच, व्हॉट्सॲप ग्रुपवर तिघांचा अंगठा पडल्याशिवाय काही पोस्ट करायचं नाही. गुलमंडीतल्या साडीवाल्या व्यंकटरावांच्या रीलवर सकाळीच तीन अंगठे पडले होते. आधी द्वारकाबाईंचे हात, मग दुकानातल्या साड्या, वर मोनिकाची ओळ: ‘हातमागाची पैठणी, हाताची माया.’ पाच वाजता पोस्ट. व्यंकटराव खूश झाले तर वर्षभराचं काम पक्कं, नाहीतर ऑफिसला कुलूप. दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतंच.

चार वाजता, दुकानातून फोटोसाठी आलेल्या साडीची घडी घालताना सावनीनं पदर उलटला. मागं कापलेल्या धाग्यांची दाढी वाढली होती.

“आमच्या पदराला उलटी बाजूच नसती, बाई. दोन्हीकडून सारखाच,” द्वारकाबाई काल म्हणाल्या होत्या. तेव्हा सावनी कॅमेऱ्यात गुंग होती, नुसती मान डोलावली होती. आता तिला स्वतःची लाज वाटली. तिनं ग्रुपवरचा आपला अंगठा काढून घेतला.

“ऐन वेळी आम्हालाच अंगठा दाखवतेस?” मंदार म्हणाला. “सकाळी झोपली होतीस का?”

“हो,” सावनी म्हणाली. “ही मशीनची आहे. बघ.”

मंदारनं पदर खिडकीशी नेऊन पाहिला आणि व्यंकटरावांना फोन लावला. “काका, साडी यंत्रमागाची आहे. तसं लिहू का? तशीही छान दिसते.”

“लई शहाणे झालात,” व्यंकटराव म्हणाले. “गिऱ्हाईक पदर उलटून बघतंय व्हय? ते हात दाखवा अन् मोकळे व्हा. नाय जमत तर दुसरे लई हायेत.”

मोनिकानं आपली ओळ पुसली, मग अंगठाही. मंदार बराच वेळ खिडकीत उभा राहिला. खोलीचा भाडेकरार त्याच्या नावावर होता, दारावरची पाटी त्यानंच रंगवली होती. पाचला पाच कमी असताना त्याचाही अंगठा गेला.

पाच वाजता सावनीचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

“पोरी, आलं का गं ते?” द्वारकाबाई मागावरूनच बोलत होत्या. “समदी गल्ली मोबाईल धरून बसलीय.”

सावनीनं फोन जवळ घेतला. “नाही येणार, मावशी. दुकानातल्या साड्या मशीनच्या निघाल्या. तुमचे हात त्यांना जोडायचे नव्हते.”

पलीकडं माग थांबला.

“बरं केलंस,” द्वारकाबाई म्हणाल्या. “गल्लीला सांगते मी. पण तुमच्या पोटाचं काय?”

“बघू, मावशी,” मंदार म्हणाला.

“बघा,” त्या म्हणाल्या, आणि फोन बंद करायचा विसरून पुन्हा विणायला लागल्या. खटक-खटक. कुणीच फोन ठेवला नाही. या वेळी माग तिघांनाही ऐकू येत होता.