चुईयिंगच्या चुलीमागचा दगड

मित्रांनो, माझ्या अंगाला भोकेच भोके आहेत आणि लोक तीच बघायला येतात. चीनमधल्या सुचौ शहरातल्या लू हवेलीच्या बागेत उभा असलेला मी एक जुना दगड आहे.

माझा जन्म थायहू सरोवराच्या तळाशी झाला. शेकडो वर्षे पाण्याने मला कोरले. मग लू सरदारांनी मला होडीतून आणवले आणि बागेतल्या तळ्याकाठी उभे केले. पाऊस आला की ते पाहुण्यांना घेऊन यायचे. माझ्या माथ्यावरचे पाणी भोकाभोकांतून धारांनी खाली येई आणि पाहुण्यांच्या हातातला चहा निवून जाई. मला ते कौतुक फार आवडे.

पुढे सरदारांचे घराणे देशोधडीला लागले. तळे बुजले. हवेलीत वीसेक कुटुंबे राहायला आली, बागेत खोपटी उठली. रेशीम गिरणीत काम करणाऱ्या चुईयिंगने तर मलाच भिंत करून आपले स्वयंपाकघर उभारले. तिच्या चुलीच्या धुराने मी काळा पडलो. मान वर करून माझ्याकडे कोणी बघेना. पण ती माझ्या कोनाड्यांत मिठाची बरणी ठेवी, आपल्या लेकीचे, रुइलीचे, ओले जोडे वाळत घाली. कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहे, एवढे समाधान होते.

एके सकाळी मुकादम गाओ घणवाले घेऊन आला. रस्त्यासाठी खडी हवी होती. चुलीवर पेज रटरटत होती. चुईयिंग दारात आडवी उभी राहिली.

"हा फोडलात तर माझं छप्पर कशावर टेकवू? तुमच्या डोक्यावर?"

घणवाले हसले. मुकादम म्हणाला, वरून हुकूम आहे. मग वरच्यांनाच बोलवा, तोवर पेज घ्या, असे म्हणून तिने वाडगे भरले. मुकादमाने सावकाश पेज संपवली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"या भोकांची खडी ती काय होणार," तो म्हणाला. "चला रे."

बऱ्याच वर्षांनी हवेलीची दुरुस्ती निघाली. कुटुंबांना नवी घरे मिळाली, खोपटी पाडली गेली. तळ्यात पुन्हा पाणी आले आणि माझ्याभोवती दोर लागला. निघताना चुईयिंग रडली. आता ती कशाला परत येते, असे मला वाटले.

पण या वसंतात ती आली. तिकीट काढून, रुइलीचा हात धरून, पार वाकलेली. तिने दोरावरून हात पुढे केला, तशी पहाऱ्यावरची मुलगी वेन लगबगीने आली.

"आजी, दगडाला हात लावायचा नाही."

चुईयिंगने हात मागे घेतला. रुइलीला मात्र राहवले नाही. तिने स्वयंपाकघराची, मुकादमाची सगळी हकीकत सांगितली. वेन ऐकत राहिली. मग तिने आपले बसायचे स्टूल आणले, दोर उचलला आणि ते मला अगदी लागून ठेवले.

"नियम हात लावण्याबद्दल आहे, आजी. पाठ टेकण्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

चुईयिंग दुपारभर मला टेकून तळ्यातले मासे बघत बसली.

मित्रांनो, जुन्या वास्तू पाहायला जाल तेव्हा आमच्या अंगावर नावे कोरू नका. आणि कोणी म्हातारे माणूस आमच्याजवळ रेंगाळले, तर त्याला पुढे ढकलू नका. कदाचित ते आपल्या घरी आलेले असेल.