भावाच्या मापाचा पट्टा

झियानच्या फिन, म्हणजे पोहताना पायात घालायचे रबरी पंजे, कैसला दोन बोटं मोठ्या पडत. झियान सहा वर्षांपूर्वी कतारला गेला आणि बुडी मारायचं सगळं सामान धाकट्या भावासाठी ठेवून गेला. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. कैसच्या वाट्याला अंथरूणच दुसऱ्याचं आलं होतं.

फिनचा टाचेमागचा रबरी पट्टा शेवटपर्यंत आवळला की वीतभर टोक बाहेर लोंबायचं. ते कापलं की काम झालं. पण करमअली, दोघांचा बाप, आडवा यायचा. "कापू नको रे. झियान आला म्हंजी त्याला आखूड पडंल."

मग कैस ते टोक घोट्याशी जाळ्याच्या दोरीनं बांधून टाकी. गाठ पक्की, बापानंच शिकवलेली. पाण्यात बक्कल उघडलं तरी फिन पायातून निघणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण अब्बांशी कोण वाद घालणार?

त्या सकाळी मांडव्यापाशी बाळाजी या मच्छीमाराच्या बोटीच्या पंख्यात जाळं गुंतलं. करमअली बोटीवर थांबला, कैस सुरी घेऊन खाली उतरला. पाणी गढूळ, स्वतःचा हात दिसेना. अर्धंअधिक जाळं कापून झालं आणि त्यानं पाय मारला, तो पाय परत आलाच नाही.

लोंबतं टोक, दोरी, जाळं, सगळं एक झालं होतं. त्यानं हिसका दिला, जाळं आणखी आवळलं. वाकायला गेला तर पाठीवरचं सिलेंडर बोटीच्या बुडाला अडकलं. अंग तिरकं करून कसंबसं बक्कल चाचपून उघडलं, पण गाठीनं फिन घट्ट धरून ठेवली. श्वास भराभर व्हायला लागला. भीती वाटली, फार वाटली.

सुरी तर हातातच होती. तरीही तो बोटांनी गाठच सोडवत बसला. पट्टा कापला तर अब्बा काय म्हणतील, हाच विचार! मरणाच्या दारातसुद्धा माणूस बापाला भितो. सिलेंडरमधली हवा दाखवणारा काटा डोळ्यांशी धरला, तो तांबड्यात गेलेला दिसला, तेव्हा कुठं कैसनं सुरी घोट्याशी नेली आणि दोरी, पट्टा, जे हाताला लागेल ते सपासप कापलं.

वर आला तो एकाच फिननिशी.

"दुसरी कुठंय?" करमअलीनं त्याला ओढून घेत विचारलं.

"कापली, अब्बा. पाय अडकला होता."

करमअलीनं मुलाच्या घोट्यावरचे जाळ्याचे लाल वळ पाहिले. मग त्यानं उरलेल्या फिनचा पट्टा कैसच्या टाचेवर ओढून अंगठ्यानं माप घेतलं आणि लोंबतं टोक सुरीनं छाटून टाकलं. एकट्या फिनचा काही उपयोग नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"झियान न्हाय येत आता," तो म्हणाला. "तू मातर पाण्यातनं वर येत जा."