शून्याचा तक्ता

"शून्य? अहो, आमच्या घरात नुसतं पीठ मळताना याहून जास्त चुका होतात!" मोजपट्टीकाका भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभे राहून म्हणाले.

काकांचा निवृत्तीचा दिवस होता. आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते विचारून लिहून काढायचं, हे काकांचं काम. त्या लिहिण्यात आणि पुढच्या सगळ्या कामात किती चुका सापडल्या ते दर आठवड्याला मोजून तक्त्यावर मांडायची टूमही त्यांचीच, म्हणून हे नाव. "कागदावरची चूक दहा मिनिटांत सुटते, दवाखान्यात गेलेली कुणाच्या तरी जिवावर बेतते," हे त्यांचं पालुपद. मी तिथली तपासनीस. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी चुकांपुढे त्या करणाऱ्यांची नावं लिहायला लावली. झालं! आकडा घसरत घसरत शून्यावर आला. साहेब खूश. त्याच शून्यासाठी संध्याकाळी काकांचा सत्कार होता आणि उद्या सॉफ्टवेअर दवाखान्यात जाणार होतं.

"काका, जाता जाता कशाला नसती उठाठेव?" मी म्हटलं.

"अगं, चुका होतायतच. आता कुणी सांगत नाही, एवढंच."

त्यांनी स्वतःचेच कागद पुन्हा वाचायला घेतले. तिसऱ्या पानावर थबकले आणि दवाखान्यातल्या सिस्टरना फोन लावला.

"ताई, औषधाची वेळ चुकली तर लगेच इशारा हवा, म्हणाला होतात. लगेच म्हणजे किती मिनिटांत?"

"दोन. का हो?"

काकांनी नुसतं 'लगेच' लिहिलं होतं. प्रोग्रामरने आपल्या मनाने पंधरा मिनिटं धरली होती.

"मी विचारलंच नाही गं," फोन ठेवत ते म्हणाले.

त्यांनी शून्य पुसलं. 'चूक एक' लिहून पुढे स्वतःचं नाव ठळक अक्षरांत घातलं. "बाकी कुणी नाव लिहू नका. नुसती चूक लिहा."

मग एक प्रोग्रामर मान खाली घालून उठला आणि तक्त्यावर चूक लिहून आला. माझ्या ड्रॉवरमध्ये तीन चुकांचे कागद दडपलेले होते. मेली लाज वाटली. मीही उठले.

संध्याकाळपर्यंत तेवीस झाल्या. साहेबांनी तक्ता वाचला आणि सॉफ्टवेअर आठ दिवस पुढे ढकललं. सत्काराचं कुणी नावच काढलं नाही. काकांनी डबा पिशवीत टाकला, बोटाने तेवीसही चुका मोजल्या आणि गेले.

आठ दिवसांत सगळ्या चुका सुटल्या. तक्ता पुसायचं काम माझ्याकडे आलं. सगळं पुसलं, त्यांचं नाव तेवढं राहू दिलं.