लागेल

ताईने काठाची कपची उडालेली बरणी उचलली आणि बाबांच्या डोळ्यांसमोर धरली.

"ही?"

"लागेल," बाबा म्हणाले.

बरणी ट्रंकेत गेली. ट्रंकेत आधीच जुनी करवत होती, पत्र्याची झाकणं होती, तडा गेलेला आरसा होता. उद्या सकाळी बाबा वृद्धाश्रमात जायचे होते आणि तिथे सोबत एकच ट्रंक चालत होती. घर तर विकून झालं होतं. निदान ट्रंकेत काय न्यायचं ते बाबांनीच ठरवावं, एवढाच ताईचा हट्ट होता.

पंचाईत अशी, की अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. मानेचाही भरवसा नव्हता. हो म्हणायचं असलं तरी ती आडवीच हलायची.

"जन्मभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या," धाकटा भाऊ म्हणाला, "आणि शब्द उरला तोही भंगारवाल्याच्या पोटावर पाय देणारा!"

ताईला हसू आलं नाही. धाकट्याला सगळं एका टेम्पोत कोंबून कचरा डेपोवर ओतायचं होतं. तिने साफ सांगितलं होतं, या घरातला एक चमचासुद्धा कचऱ्यात जाणार नाही. म्हणून आठवडाभर ती दारोदार फिरली होती. पुस्तकं शाळेला, रेडिओ शेजारच्या काकांना, भांडी एका खाणावळीला. बाबा ज्याला 'लागेल' म्हणाले ते ट्रंकेत, गप्प बसले ते बाहेर. असा सोपा हिशेब.

आईची शालही तिने सकाळी त्यांच्यासमोर धरली होती. कसरीने पार चाळण केलेली. बाबा तिच्याकडे बघतच राहिले, चांगला हात मांडीवरून थोडा उचललाही, पण शब्द आला नाही. नको असेल, म्हणून ती शाल फाटक्या कपड्यांच्या गोणीत गेली आणि गोणी गॅरेजवाल्याकडे, हात पुसायला. वाया काहीच गेलं नाही, याचं ताईला बरं वाटलं होतं.

धाकट्याने जिन्याखालून एक मोठा डबा ओढत आणला. वर जुन्या फडक्यांचा थर होता.

"हा शेवटचा. मी सामान पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला थांबवून ठेवतो," म्हणत तो बाहेर गेला.

ताई डब्याशी वाकली आणि बाबा खुर्चीत हलले.

"लागेल!"

"बघते ना, थांबा."

"लागेल! लागेल!" त्यांचा चेहरा लाल झाला.

दिवसभराचा शीण एकदम ताईच्या तोंडातून बाहेर पडला. "पुरे हो बाबा! तिथे काही लागणार नाहीये तुम्हाला. एक खाट नि एक कपाट, संपलं. कुठे ठेवणार आहात हे सगळं?" आणि तिने फडक्यांखाली हात खुपसला.

हात बाहेर आला तो रक्ताने भरलेला. डबा काचांच्या तुकड्यांनी काठोकाठ भरला होता. कचरा उचलणाऱ्यांचे हात कापतील म्हणून बाबांनी फुटकी काच कधी कचऱ्यात टाकली नव्हती.

ताईला त्यांच्या कारखान्याचं दार आठवलं. ती लहानपणी उंबऱ्यावरून पाऊल आत टाकायची, आणि काचेवरची नजरही न उचलता बाबा म्हणायचे, "लागेल गं."

हाताला रुमाल गुंडाळून ती ट्रंकेशी बसली. एकेक वस्तू बाहेर काढली. बरणी. करवत. झाकणं. आरसा. हात कापणार नाही अशी एकही वस्तू त्यात नव्हती. अरे देवा, दिवसभर ते नुसतं 'जप' म्हणत होते.

धाकटा आत आला. "काय झालं गं हाताला?"

"ती कपड्यांची गोणी..."

"दिली की दुपारीच. फाडून कामालासुद्धा घेतली त्यांनी माझ्यादेखत. का गं?"

"काही नाही."

"चल मग, तो टेम्पोवाला बोंब मारतोय."

ताई बाबांच्या खुर्चीशी आली, गुडघ्यांवर बसली.

"बाबा, शाल हवी होती का हो तुम्हाला?"

बाबांची मान आडवी हलली. तिच्यावरून काय समजायचं? तिने पुन्हा विचारलं नाही. हवी होती असं कळलं असतं, तरी आता ती कुठून आणून देणार होती? रिकाम्या ट्रंकेचं झाकण तसंच उघडं होतं.

बाबांनी चांगला हात पुढे केला आणि तिचा रुमालातला हात धरला. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. रक्त केव्हाच थांबलं होतं.

"सोडा बाबा, जाऊ द्या मला," ती म्हणाली. "फारसं लागलं नाहीये."

"लागेल," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात सोडला नाही.