कोपरा कापलेलं फडकं

कच्च!

एवढासा आवाज, पण झोपलेल्या घरात तो भिंतीपर्यंत जाऊन परत आला. सिसेलनं कात्री हळूच खाली ठेवली आणि आतल्या खोलीकडे कान दिला. नाही, सोल्वाय उठली नव्हती. चार वर्षांच्या पोरीची दुपारची झोप म्हणजे आईला मिळालेला खजिनाच.

ओट्यावर क्रोशानं विणलेलं एक सुती फडकं पडलं होतं, आणि त्याच्याशेजारी त्याचाच नखाएवढा कोपरा. भांड्यांचं फडकं विरलं की एक कोपरा कापायचा, ही इथली रीत. कापलेला कोपरा दिसला की लहान पोरालाही कळतं, हे आता फरशीचं. ते पुन्हा ओट्यावर येत नाही. हे फडकं सिसेलनं फडक्यांच्या गठ्ठ्याच्या तळातून काढलं होतं. कधीकाळी निळं असावं. आता राखेच्या रंगाचं झालेलं, आणि मधोमध इतकं विरळ की पलीकडची खिडकी दिसावी. बिटाच्या लोणच्याची बरणी सांडून फरशी लालभडक झाली होती. तिनं फडकं बादलीत बुचकळलं आणि गुडघ्यांवर बसली.

संध्याकाळी तिचा नवरा येप्पे शिंपल्यांच्या बोटीवरून आला. बूट काढता काढता त्याचं लक्ष बादलीकडे गेलं.

"हे कुठून काढलंस?"

"गठ्ठ्यातून. सोल्वाय झाली तेव्हा तुझ्या आईनं बारा दिली नव्हती का, त्यातलं. का रे?"

"सिसेल, हे माझं आहे."

"तुझं? आजवर एक बशी पुसताना दिसला नाहीस!" ती हसली. तो हसला नाही.

मग त्यानं सांगितलं. तो सात आठवडे आधीच जन्मला होता. काचेच्या पेटीत ठेवलेला, मुठीएवढा. त्याच्या आईला, बोदिलला, त्याला उचलायचीही परवानगी नव्हती. त्या पेटीशी बसून बोदिलनं सहा आठवडे हे एकच फडकं विणलं. विणायची, उसवायची, पुन्हा विणायची. घरी आणल्यावर त्याची पहिली अंघोळ ह्याच फडक्यानं झाली.

"मग तिनं जपून का नाही ठेवलं? निदान सांगायचं तरी!"

"आई आणि जपून ठेवणार? फडक्यानं काय गुन्हा केलाय कपाटात कोंडायला, म्हणते."

 सिसेलला आता आठवलं. सोल्वायच्या पहिल्या अंघोळीला बोदिलनं गठ्ठा चाचपून ह्यालाच बाहेर ओढलं होतं. सिसेलला वाटलं होतं, सगळ्यांत मऊ आहे म्हणून. त्यानंतर चार वर्षं ती त्याला कशालाही वापरत आली होती. मळलेल्या कणकेवर ओलं करून झाकायला, घुसळताना भांडं सरकू नये म्हणून बुडाशी, तापल्या झाकणाला, पोरीच्या तापल्या कपाळाला. आणि आजपर्यंत तिच्या लेखी ते बारांतलं एक होतं.

उद्या गुरुवार. बोदिल येणार. दोन वर्षांत तिच्या नजरेचा मधला भाग गेला होता, कडेकडेचं तेवढं उरलं होतं. डोळ्यांना फसवता आलं असतं. बोटांना कसं फसवणार? सिसेलनं फडकं उकळून काढलं, शेगडीवर वाळवलं आणि एप्रनच्या खिशात ठेवून दिलं. सांगायचं की नाही, हे मात्र सकाळपर्यंत ठरेना.

बोदिल आली, कॉफी प्यायली, आणि सोल्वायनं नेहमीचा खेळ मांडला. गठ्ठा आजीच्या, तिच्या फारमोरच्या, मांडीवर ओतला.

"फारमोर, हे कुठलं?"

बोदिलनं अंगठा फिरवला. "ह्यात एक टाका गळलाय बघ. शेजारणीच्या कुत्र्यानं गुंडा पळवला होता. मी ह्या टोकाला, कुत्रं त्या टोकाला!"

"आणि हे?"

"हे घट्ट आलंय. तुझ्या आजोबांशी भांडण झालं होतं त्या आठवड्यात."

"आणि हे?"

"हे सैल. समेट झाला."

बोटं एकेका ओळीवरून जात होती आणि वर्षं उलगडत होती. सिसेल बघत राहिली. हीच फडकी ती रोज पिळत होती, आणि तिला त्यातलं अक्षरही वाचता आलं नव्हतं.

"अकरा," बोदिल म्हणाली. "एक कुठाय?"

सिसेलचा हात खिशात गेला. एक क्षण तिथंच थांबला. मग तिनं फडकं काढून सासूच्या हातात दिलं.

"बोदिल, मी कोपरा कापला. मला माहीत नव्हतं गं."

बोदिलचं बोट कडेकडेनं चालत निघालं. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा, आणि मग एकदम हवेत पडलं. तिनं कापलेली कड चिमटीत धरली. 

"फरशी पुसलीस?"

"हो. बिटाचं लोणचं सांडलं होतं."

"डाग निघाला?"

"निघाला."

"निघणारच. ह्यानं तुझ्या नवऱ्याचं बूड पुसलंय, बिटाची काय कथा!"

सिसेल हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"आता रडून त्याला कोपरा फुटणार आहे का? क्रोशाची सुई आण. आणि दोरा, कुठलाही."

"पिवळाच आहे."

"मला सगळे सारखेच."

बोदिलनं कापलेल्या कडेतले दोऱ्याचे तुकडे ओढून काढले, एक अखंड ओळ हाती लागेपर्यंत. शेवटी एकच फास उरला. त्यात सुई घालून पिवळा दोरा जोडला. मान वर, डोळे खिडकीकडे, आणि खाली हात आपले आपण चाललेले. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एका टाक्यानं आखूड. ती मोजत नव्हती. ज्या हातांना एकदा बाळ उचलायची मनाई होती, त्यांनी तेव्हा जे केलं होतं तेच ते आताही करत होते. सिसेलला श्वास मोठ्यानं घ्यायचीसुद्धा भीती वाटली. पाव तासात सुई शेवटच्या टाक्यातून बाहेर आली.

"पण हे आता कुठं ठेवायचं? कोपरा कापलेलं ओट्यावर येत नाही ना?"

"कुठाय कापलेला? दाखव बरं."

बोदिलनं फडकं कोमट पाण्यात भिजवून पिळलं आणि सोल्वायच्या तोंडाचा मुरांबा पुसला. पोरीनं डोळे गच्च मिटले. मग तसेच मिटून तिनं फडकं ओढून घेतलं आणि आजीसारखा अंगठा कडेवरून फिरवायला लागली. एकदा, दोनदा, कितीतरी वेळ.

"आई," ती कुजबुजली, "माझी बोटं कधी बघायला लागतील?"